कापलेला कर म्हणजे परक्याचा निक्षेप

आमच्या डोंबिवलीच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेंत वायरिंगचें काम करणारा तरुण हा माझाच जुना विद्यार्थी. मे महिन्याच्या वीस तारखेस त्याच्या ८०,००० रुपयांच्या बिलापोटीं मीं खजिनदार या नात्यानें ७९,२०० दिले. ‘आठशें कर म्हणून कापले, तुझ्या नांवें सरकारांत जमा होतील,’ असें सांगितलें, व तो निमूटपणें गेला.

या कपातीचें मूळ पुष्कळ गृहस्थांस ठाऊक नसतें. कंत्राटदारास पैसे देतांनाच प्राप्तिकराचा अंश कापण्याची ही योजना १९७२ सालीं १९४सी या कलमानें आली. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यांत ती ३९३ व्या कलमांत गेली. कंत्राटदार एकटी व्यक्ति किंवा एकत्र हिंदु कुटुंब असल्यास शेंकडा १, कंपनी वा भागीदारी असल्यास शेंकडा २. एक रक्कम ३०,००० च्या आंत व वर्षाची बेरीज लाखाच्या आंत असेल तर कपात नाहीं. पॅन न दिल्यास मात्र शेंकडा २०! सहकारी संस्थेस हें बंधन आहेच. ज्या एकत्र कुटुंबाच्या दुकानाची मागील वर्षाची उलाढाल १ कोटीवर गेली, त्यासही आहे. घरगुती कामास रंगारी लावणाऱ्यास मात्र, वर्षाची रक्कम ५० लाखांवर गेल्याखेरीज, ही चिंता नको.

ऑगस्टच्या पंचविसाव्या तारखेस तो पुन्हां आला. “गुरुजी, माझें उत्पन्न कराच्या मर्यादेच्या आंत आहे. विवरण भरून ते आठशें परत मागणार होतों. पण उताऱ्यांत ते दिसतच नाहींत.”

मीं दप्तर उघडलें. चलन कोठेंच नव्हतें. ७ जूनपर्यंत भरावयाची रक्कम संस्थेच्याच खात्यांत पडून होती, आणि ३१ जुलैपर्यंत द्यावयाचें तिमाही विवरणही गेलें नव्हतें. कारकुनानें केलें असेल, असें मीं धरून चाललों होतों. विचारलें मात्र नव्हतें.

त्याच दिवशीं रक्कम भरली. दरमहा शेंकडा दीड याप्रमाणें चार महिन्यांचें व्याज ४८ रुपये झालें. विलंबशुल्क दिवसास २०० रुपये, परंतु कराच्या रकमेहून अधिक नाहीं. त्या तिमाहींत दुसरी कपात नव्हती, म्हणून तें ८०० वरच थांबलें. हे ८४८ रुपये मीं माझ्या पेन्शनींतून दिले. चूक माझी, सभासदांनीं तिचा भार कां सोसावा?

मनूनें व्यवहाराचीं अठरा पदें सांगितलीं. त्यांत ऋणादानानंतर लगेच दुसरें पद निक्षेपाचें, म्हणजे ठेवीचें आहे. कापलेला कर ना आपला, ना अजून सरकारचा. तो भरेपर्यंत आपण केवळ राखणदार.

ठाणें, कल्याण, डोंबिवली येथील संस्थांचे चिटणीस व खजिनदार बहुधा आपल्यासारखे निवृत्त लोकच असतात. त्यांस एवढीच विनंति, कीं सात तारखेस चलन स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें आणि तिमाही दाखला कारागिरानें मागण्यापूर्वींच त्याच्या हातीं द्यावा. आमचा विद्यार्थी दाखला घेऊन जातांना नेहमींप्रमाणें वांकून नमस्कार करूं लागला. त्या दिवशीं तो घेतांना मला संकोच वाटला.