चाकांवरचं बिऱ्हाड

एप्रिल-मे उजाडला की पुणे, नागपूर, इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा गावोगावची आईवडील मंडळी मुलांकडे अमेरिकेला निघतात. पहिले पंधरा दिवस कौतुकात जातात. मग मुलगा-सून कामावर, नातवंडं आपल्या उद्योगात आणि खिडकीबाहेर चिटपाखरू नाही, अशा लांबलचक दुपारी सुरू होतात. एखाद्या संध्याकाळी मुलगा म्हणतो, ‘‘आई, बाबा, चार दिवस कॅम्पिंगला जाऊ या. आर.व्ही. भाड्यानं घेतोय.’’ बाबांना एन.सी.सी.चे तंबू आठवतात. आईला पहिला प्रश्न पडतो तो बाथरूमचा. प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर नीट समजलं, तर नाही म्हणण्याचं फारसं कारण उरत नाही.

आर.व्ही. म्हणजे चाकांवरचं घर. काही घरं मोटारीच्या मागे जोडून ओढायची असतात, काहींना स्वतःचं इंजिन असतं. पाहुण्या कुटुंबाला सोयीची ती इंजिनवाली मध्यम गाडी. ड्रायव्हरच्या डोक्यावर माळ्यासारखा पलंग असतो, तिथे शिडीनं चढून नातवंडं झोपतात. आजी-आजोबांनी मागचा पलंग मागून घ्यावा. भीड धरू नये. गॅसची शेगडी, छोटा फ्रिज, बेसिन आणि शॉवरसकट संडास, सगळं आत असतं. एक मात्र आजींनी लक्षात ठेवावं : गाडी चालू असताना सगळ्यांनी पट्टा लावून बसायचं. शेगडी समोर दिसते म्हणून धावत्या गाडीत चहा टाकायचा नाही. रात्री थंडी वाजली तरी ऊब म्हणून शेगडी पेटती ठेवायची नाही. बंद जागेत विषारी वायू साचतो आणि त्याला वास नसतो.

मुक्काम कुठे करायचा? आपल्याला माहीत असतात ती तिथली राष्ट्रीय उद्यानं. पण प्रत्येक राज्याची स्वतःची उद्यानंही असतात, त्यांना स्टेट पार्क म्हणतात. आसपासच्या गावांत खासगी कॅम्पग्राउंड असतात. दोन्हींचा स्वभाव वेगळा. स्टेट पार्कमध्ये झाडी दाट, दोन गाड्यांत अंतर बरं, प्रत्येक जागेला एक लाकडी टेबल आणि शेकोटीसाठी लोखंडी कडं. सोयी मात्र बेताच्या. बऱ्याच ठिकाणी वीज मिळते, पण पाण्याचा आणि सांडपाण्याचा नळ गाडीपाशी नसतो. खासगी जागेत या तिन्ही जोडण्या, शिवाय कपडे धुण्याचं यंत्र, दुकान, मुलांना पोहायचा तलाव. पण शेजाऱ्याचं घोरणंही ऐकू येईल इतकी दाटी. १९६२ साली मोंटाना राज्यातल्या बिलिंग्ज गावी सुरू झालेली के.ओ.ए. ही यातली सर्वांत प्रसिद्ध साखळी. माझा सल्ला असा, की दोन रात्री पार्कात काढाव्यात आणि तिसरी खासगी जागेत, अंघोळी, धुणं आणि टाक्या रिकाम्या करण्यासाठी.

टाक्यांवरून आठवलं. आईच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. गाडीखाली तीन टाक्या असतात : एक चांगल्या पाण्याची, दुसरी बेसिन-शॉवरच्या सांडपाण्याची आणि तिसरी संडासाची. तिसरी भरत आली की ठरलेल्या जागी गाडी नेऊन, जाड नळी जोडून ती रिकामी करायची. आधी संडासाची टाकी सोडायची, मग सांडपाण्याची, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते. हे काम करायला कुणी माणूस येत नाही. आपला इंजिनिअर मुलगा हातमोजे घालून ते स्वतः करतो, त्याच्या मागे रांगेत उभे असलेले लोकही तेच करतात आणि कुणाला त्यात काही वाटत नाही. बाबांनी ते जरूर पाहावं. जे काम आपण पिढ्यान् पिढ्या ठरावीक माणसांच्या माथी मारलं, ते इथे दहा मिनिटांत उरकून मुलगा हात धुऊन जेवायला बसतो.

आता एक ठिकाण सांगते. साउथ डकोटा राज्यातल्या ब्लॅक हिल्स डोंगरांत कस्टर स्टेट पार्क आहे, स्थापना १९१९. चार अध्यक्षांच्या चेहऱ्यांचा माउंट रशमोर इथून जवळच. विस्तार ७१,००० एकर आणि रानगव्यांचा म्हणजे बायसनांचा तेराशेहून मोठा कळप. अठरा मैलांच्या वाइल्डलाइफ लूप रस्त्यावर कळप आडवा आला तर गाड्या थांबतात. अर्धा तास लागला तरी कुणी हॉर्न वाजवत नाही. फोटोसाठी खाली मात्र उतरू नये. नऊशे किलोपर्यंत भरणारं हे जनावर माणसाहून कितीतरी वेगानं पळतं.

डोंगर लाकोटा लोकांचे, १८६८च्या तहानं त्यांनाच दिलेले. १८७४मध्ये जनरल कस्टरची मोहीम तिथे शिरली, सोनं सापडलं आणि तह कागदावर राहिला. पार्काला नाव मात्र कस्टरचं. नातवंडांना हे कुणीतरी सांगायला हवं.

इथले तलावाचे बांध आणि इतर पुष्कळ बांधकाम १९३३ ते १९४२ या काळातल्या ‘सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कॉर्प्स’च्या पोरांचं. मंदीच्या दिवसांत बेकार तरुणांना रानात काम दिलं, पगार महिना ३० डॉलर. त्यातले बहुधा २५ परस्पर घरी आईवडिलांना जात.

आर.व्ही.वाल्यांनी इथे एक सावधगिरी घ्यायची. नीडल्स हायवे हा रस्ता फार देखणा, पण त्यातला एक बोगदा जेमतेम आठ फूट रुंद आहे. मोठी आर.व्ही. त्यातून जात नाही आणि वळणावर मागेही फिरत नाही. ती तळावर ठेवून लहान मोटारीनं जावं. पार्काच्या रस्त्यांची मापं आणि आपल्या गाडीची उंची-रुंदी निघण्यापूर्वीच एका चिठ्ठीवर लिहून ड्रायव्हरसमोर चिकटवावी.

आरक्षणाचं काम सुनेवर टाकून मोकळं होऊ नये. ते फार आधी करावं लागतं. कॅलिफोर्नियात सहा महिने आधी जागा खुल्या होतात आणि चांगल्या जागा पाहता पाहता संपतात. म्हणून व्हिसा हातात पडला की मुलाला तारखा कळवाव्यात. प्रवासी विम्याचे कागद, चष्मा आणि औषधं हाताशी असू द्यावीत. रानात मोबाइलला रेंज नसते आणि दवाखाना तासाभराच्या अंतरावर असू शकतो. जुलैतही डोंगरात रात्री स्वेटर लागतो.

स्वयंपाक साधा ठेवावा. वीज ३० अँपिअरची असेल, तर एअरकंडिशनर चालू असताना मायक्रोवेव्ह लावला की फटकन बटण पडतं. खिचडी गॅसवर, कणसं आणि बटाटे शेकोटीवर, आणि शेकोटीचं खातं पुरुषांकडे. सहलीला जाऊनही सासू-सुनांनी पोळ्याच लाटायच्या असतील, तर घर काय वाईट होतं? लाकडं तिथलीच विकत घ्यावीत. दुसऱ्या गावाहून आणलेल्या लाकडातून कीड पसरते. २००२ साली मिशिगनमध्ये सापडलेल्या एका हिरव्या भुंग्यानं अ‍ॅश जातीची कोट्यवधी झाडं मारली आहेत. जेवणाचं सामान रात्री टेबलावर ठेवू नये. काही पार्कांत अस्वलं येतात. रात्री साधारण दहानंतर शांतता पाळायची, तेव्हा अंतराक्षरी साडेनऊलाच आटोपती घ्यावी. पण शेकोटीपाशी हळू आवाजात बोलायला बंदी नाही. टीव्ही नाही, फोन मुका आणि बाबांना गावाकडच्या गोष्टी आठवू लागलेल्या, असा तो वेळ असतो.

सहा महिन्यांचा मुक्काम ऑक्टोबरपर्यंत असेल, तर कस्टरला सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी जायचं बघा. त्या दिवशी घोडेस्वार सगळा बायसनांचा कळप हाकत गोठ्यात आणतात. मोजदाद होते, वासरांना लस टोचतात आणि कुरणाला झेपतील तेवढीच जनावरं ठेवून बाकीची पुढे लिलावात विकतात. पाहायला हजारो लोक येतात. गाड्या पहाटेच आत घ्याव्या लागतात आणि कळप येऊन गेल्याशिवाय बाहेर सोडत नाहीत. थर्मासमध्ये चहा भरून न्यावा.