वेसण खेळाडूला, मोकळीक तिजोरीला

१/ अमेरिकेतील टेक्सास राज्यात शुक्रवारची रात्र ही शालेय फुटबॉलची रात्र. शाळेच्या पैशावर मैदानाचा हक्क मोठा की वर्गाचा, हा तेथील जुना वाद. या वादात शिस्त मुलांना लावली गेली. हिशेब मात्र मोठ्यांनी टाळला.

२/ दुखण्याचे मूळ करपद्धतीत आहे. तेथील शाळा बऱ्याच अंशी स्थानिक मालमत्ता करावर चालतात. १९६७-६८ मध्ये सॅन अँटोनिओच्या गरीब एजवुड भागात कराचा दर चढा असूनही दर विद्यार्थ्यामागे ३५६ डॉलर खर्च होत. शेजारच्या श्रीमंत अलामो हाइट्समध्ये दर कमी, तरी ५९४ डॉलर. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ही पद्धत घटनाबाह्य ठरवण्यास नकार दिला.

३/ १९८४ साली गव्हर्नर मार्क व्हाइट यांच्या कारकिर्दीत, उद्योगपती रॉस पेरो यांच्या समितीनंतर, शिक्षणसुधारणेचा कायदा झाला. त्याने शिक्षकांचे वेतन वाढवले, गरीब भागांना अधिक मदत दिली. पण गाजला एकच नियम: एका विषयात जरी ७० हून कमी गुण पडले, तरी सहा आठवडे खेळ बंद.

४/ गहजब उडाला. १९८६ मध्ये व्हाइट पराभूत झाले. तेलाचे कोसळलेले भाव आणि करवाढ ही कारणे होतीच. या नियमाचा रोषही होता. १९९५ मध्ये सहाचे तीन आठवडे झाले.

५/ या नियमाने खेळाडूला वेसण घातली, मैदानावरील खर्चाला नाही. २००९ मध्ये ॲलन शहराच्या मतदारांनी सुमारे ११.९ कोटी डॉलरचे शालेय कर्जरोखे मंजूर केले. त्यातले सुमारे ६ कोटी एका शाळेच्या १८,००० आसनांच्या स्टेडियमवर गेले. २०११ मध्ये राज्याने शालेय शिक्षणाच्या दोन वर्षांच्या निधीतून ५४० कोटी डॉलर कापले. २०१२ मध्ये स्टेडियम उघडले. २०१४ च्या फेब्रुवारीत काँक्रीटला तडे गेल्याने बंद पडले आणि २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाले.

६/ समर्थक म्हणतात, रोख्यांचा पैसा बांधकामासाठीच असतो, त्यातून पगार देता येत नाहीत. खरे आहे. पण प्रयोगशाळा आणि वर्गखोल्या ही बांधकामेच नव्हेत काय?

७/ खेळ हा अभ्यासाचा वैरी नव्हे. संघभावना आणि चिकाटी मैदानावरही शिकता येते. आक्षेप आहे तो दुटप्पीपणावर. ७० गुणांची अट मुलाला घालणाऱ्या समाजाने आपल्या अंदाजपत्रकालाही एक अट घालावी: आधी एजवुडमधल्या मुलाचा वर्ग, मग ॲलनमधली अठरा हजार आसने.