यंत्राचे मालक आणि त्यांचे कान

माफक किमतीचा एखादा चांगला सीडी प्लेयर घ्यावा असे मनात आले, म्हणजे परमुलखात नोकरी करणाऱ्या मराठी माणसापुढे एक अडचण उभी राहते. जोरहाट, कोरापुट किंवा बाडमेर येथे असे यंत्र प्रत्यक्ष ऐकून पाहण्याजोगे दुकान त्याला बहुधा सापडत नाही. मग ज्यांनी ते आधीच घेतले आहे त्यांची मते तो वाचतो, आणि त्यांवर विसंबून पगाराचा मोठा हिस्सा पार्सलच्या स्वाधीन करतो. ही मते विसंबण्याजोगी असती, तर आम्हांस लेखणी उचलण्याचे कारण नव्हते. ती तशी नाहीत, आणि याचा दोष यंत्राचा नसून मालकांचा आहे.

उदाहरण म्हणून मरांट्झ कंपनीचा सीडी ६००७ घेऊ. हे यंत्र २०२० साली आले; त्याचे थोरले भावंड म्हणजे सीडी ६००६. थोरल्यात अंकांचे नादात रूपांतर करणारी चिप सिरस लॉजिकची होती, धाकट्यात ती जपानच्या असाही कासेई कंपनीची आली. एवढे पुरे झाले. कोणी म्हणतो जुने उबदार होते, कोणी म्हणतो नव्याने पडदा दूर केला. यंत्र शंभर तास वाजविल्यावाचून खुलत नाही असे तिसरा बजावतो. त्या शंभर तासांत यंत्र बदलले की ऐकणारा त्याला सरावला, हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही.

आणि ही विशेषणे तरी कोठली? नादाविषयी बोलण्यासाठी आपल्याकडे आस, जवारी, मींड, खर्ज असे नेमके शब्द आहेत. गवयांनी आणि वाद्ये घडविणाऱ्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या वापरून घासूनपुसून लख्ख केले आहेत. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतो तेव्हा घोडीवरचा सुताचा दोरा किंचित सरकवून तो काय साधतो, हे त्याला आणि ऐकणाऱ्यालाही कळते. एखाद्या मालकाने अमुक तबकडीतील अमुक आलापीत तंबोऱ्याची जवारी जुन्या यंत्रावर बुजत होती, नव्यावर ती ऐकू येते, असे लिहिले असते, तर ती तबकडी लावून त्याचे म्हणणे आम्ही पडताळून पाहिले असते. ‘उबदार’ या शब्दाची पडताळणी कशी करावी? तो शाल-घोंगडीच्या दुकानात शोभतो.

आता यंत्राकडे वळू. फिलिप्स व सोनी यांनी १९८० साली ठरविलेल्या नियमांनुसार तबकडीवर दर सेकंदाला, प्रत्येक बाजूसाठी, ४४,१०० नमुने नोंदविले जातात व प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो. एवढ्या नमुन्यांतून २२,०५० कंपनांच्या खालचा सारा नाद पुन्हा उभा करता येतो, आणि तरुण निरोगी कानाची मजल सुमारे २०,००० पर्यंत. साहेबपदाला पोचलेल्या आमच्या बहुतेक वाचकांची त्याहून पुष्कळ कमी. तबकडीवर बारीकसा ओरखडा असला तरी चुका दुरुस्त करण्याची गणिती योजना मूळ अंक जसेच्या तसे परत मिळविते. १९८२ साली पहिली यंत्रे निघाली तेव्हा फिलिप्सची चिप १४ बिटांची होती, सोनीची १६ बिटांची; त्या काळी वाद घालण्यास काही आधार होता. पुढे हे काम इतके सुधारले की आज एका चांगल्या यंत्राचे दुसऱ्याहून वेगळेपण ओळखणे फार कठीण झाले आहे.

यावर उत्तर येते, “आमचे कान आम्हांला सांगतात.” सांगत असतील. मेयर आणि मोरॅन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या परीक्षेत ऐकणाऱ्यांपुढे अधिक बारकाव्याच्या तबकडीचा नाद एकदा सरळ व एकदा साध्या सीडीच्या मापातून गाळून ठेवला. कोणता कोणता हे त्यांना सांगितले नव्हते. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ बरोबर आले. नाणे उडवूनही एवढेच आले असते. घरी दोन यंत्रे तोलणारा मालक तर कोणते वाजत आहे हे पाहतच असतो, शिवाय दोन्हींचा आवाज समान करून घेत नाही. अर्ध्या डेसिबलाने मोठा आवाज कानाला मोठा वाटत नाही, सरस वाटतो. मालक खोटे बोलतात असे आम्ही म्हणत नाही. पैसे मोजून झाल्यावर कान उदार होतात.

ऑक्टोबर २०२० मध्ये नोबेओका येथील असाही कासेईचा कारखाना जळाला आणि अनेक उत्पादकांना दुसऱ्यांच्या चिपा शोधाव्या लागल्या. चिपेतच यंत्राचा आत्मा पाहणाऱ्यांनी त्या वेळी सुतक पाळावयास हवे होते. पुष्कळ उत्पादकांनी निराळी चिप बसविली, मालही खपला.

मग मालकाला सांगण्याजोगे काही उरतच नाही काय? पुष्कळ उरते, आणि नेमके तेच तो सांगत नाही. आसामच्या दमट हवेत दोन पावसाळ्यांनंतर भिंगावर बुरशी धरली का? मारवाडच्या धुळीत कप्पा अडकू लागला का? बदलीच्या ट्रकमधून तीन वेळा प्रवास करून यंत्र शाबूत राहिले का? गणेशोत्सवात मंडळाने घरीच उतरविलेल्या तबकड्या ते वाचते का? लेसरचा भाग मिळाला का, आणि किती महिन्यांनी? आमच्या परिचयातील एका गृहस्थांचे निराळेच एक यंत्र या शेवटच्या प्रश्नापायी दीड वर्ष कपाटावर पडून होते. कोणतीही प्रयोगशाळा याची उत्तरे देऊ शकत नाही. तो अधिकार केवळ मालकाचा.

जाता जाता सरकारी क्वार्टर्सविषयीही सांगतो. उंच छत, उघड्या भिंती आणि फरशी यांनी जो घुमारा उठतो, त्यात कोणत्याही चिपेचा इलाज नाही. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढावेत, खाली सतरंजी अंथरावी, भिंतीला पुस्तकांचे कपाट लावावे. मग मते लिहावयास बसावे. लिहिताना यंत्र केव्हा घेतले, त्यानंतर कोणकोणत्या गावी ते वाजविले आणि किती वेळा उघडावे लागले, हे पहिल्या ओळीत द्यावे.