दहावा माणूस



आमच्या शाळेचा पट आहे नऊ. पहिली ते चौथी, चारही वर्ग मिळून नऊ! गावातली निम्मी घरं मुंबईला गेलेली. त्यांची कुलपं उघडतात ती गणपतीला आणि शिमग्याला. परवा हजेरी घेताना एक मुलगा आला नव्हता. मी त्याची चौकशी करू लागले, तर तिसरीतली एक चिमुरडी म्हणाली, "बाई, एक नाही आला तर काय बिघडलं?"

मी हजेरीपट मिटला आणि मुलांना एका वेगळ्याच मोजणीची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगते.

आपल्या रत्नागिरीच्या उत्तरेला रायगड जिल्हा. तिथे अलिबागजवळ समुद्रकाठी नवगाव नावाचं गाव आहे. शेकडो वर्षांपूर्वी तिथल्या किनाऱ्याजवळ एक गलबत फुटलं आणि सात पुरुष व सात बायका तेवढ्या वाचल्या, अशी बेने इस्रायली लोकांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी कथा आहे. बेने इस्रायल म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. हे लोक कोकणात गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवार हा त्यांच्या धर्मात विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी घाणा बंद! म्हणून शेजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. त्यांची बोली मराठी झाली. आडनावंही आपल्यासारखीच, गावावरून पडलेली. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, नवगावचे नवगावकर. नवस फेडताना किंवा शुभकार्यात ते 'मलिदा' करतात. त्यात काय असतं, ठाऊक आहे? गोड पोहे आणि ओलं खोबरं! आहे की नाही अस्सल कोकणी?

आता ती मोजणी. ज्यूंच्या प्रार्थनामंदिराला सिनेगॉग म्हणतात. तिथे सामुदायिक प्रार्थना पूर्ण व्हायची, तर निदान दहा पुरुष हजर लागतात. नऊ जमले, तर काही प्रार्थना म्हणताच येत नाहीत. दहाव्याची वाट बघायची. तो दहावा कोणीही चालतो, बरं का! श्रीमंत असो, गरीब असो. तेरा वर्षं पूर्ण झालेला मुलगा आजोबांच्या बरोबरीनं एक मोजला जातो.

"आणि मुली?" आमच्या चिमुरडीनं लगेच विचारलं. जुन्या रीतीप्रमाणे मोजत नाहीत, पण आता काही सुधारक मंडळी बायकांनाही मोजतात, असं सांगितल्यावर तिचं समाधान झालं.

१९४८ साली इस्रायल देश स्थापन झाला आणि पुढच्या काळात यातली बरीच कुटुंबं तिकडे गेली. एके काळी सुमारे २०,००० असलेला हा समाज आज भारतात चार-पाच हजारांवर आला आहे. तोही बहुतेक मुंबई-ठाण्यात. अलिबागची इस्रायल आळी आणि तिथलं सिनेगॉग अजून आहे, पण माणसं थोडी. अशा वेळी प्रत्येक माणूसच दहावा होतो.

समाज लहान असला, की कुणीतरी एकानं पुढे व्हावं लागतं. १८३० साली अलिबागला जन्मलेले हाईम सॅम्युएल किहीमकर हे असेच एक. सरकारी नोकरी सांभाळून त्यांनी आपल्या समाजातल्या मुलांच्या शिक्षणाचं काम हाती घेतलं. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या खटपटीतून १८७५ साली मुंबईत शाळा निघाली. तीच आजची माझगावची सर एली कदूरी शाळा. आज तिथे शिकणारी बहुतेक मुलं इतर समाजांची आहेत. थोड्यांनी आपल्यासाठी लावलेलं झाड, सावली सगळ्यांना!

किहीमकरांनी आपल्या समाजाचा इतिहासही लिहून ठेवला. १८९७ साली तो लिहून झाला होता. छापला गेला १९३७ साली, तोही दूर तेल अवीवला. तो बघायला किहीमकर काही राहिले नव्हते. पण त्यांनी लिहिलं नसतं, तर किती गोष्टी आजी-आजोबांबरोबरच गेल्या असत्या!

हे काम आजही संपलेलं नाही. मुंबईत ज्यूंच्या सेवाभावी संस्था आहेत. तिथे काम करणारी तरुण मुलं-मुली लहानग्यांना सणांची माहिती देतात, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची विचारपूस करतात. मोठं नाव होत नाही, पण दहा मोजायला माणसं राहतात.

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? शिमग्यात पालखीला खांदा द्यायला माणसं पुरत नाहीत, तेव्हा मुंबईहून आलेला एकच चाकरमानीही केवढा आधार वाटतो! आमची शाळा आणखी किती वर्षं चालेल, मला सांगता येत नाही. म्हणून तर मी रोज नऊ मोजते.

गोष्ट संपली, तेवढ्यात तो गैरहजर मुलगा लंगडत दारात आला. पायात काटा मोडला होता. चिमुरडी उभी राहून ओरडली, "बाई, नऊ झाले!"

आता तुमचं काम. आपल्या वाडीत पूर्वी किती घरं उघडी होती आणि आज किती आहेत, ते आजी-आजोबांना विचारा. कोण कुठे गेलं, तेही विचारा. आणि सगळं वहीत लिहून ठेवा. आई-बाबांनी मदत केली तरी चालेल.

तुमच्या,
बाई