आजोबांची खुर्ची आणि डेन्मार्कचा सुतार

सुरुवातीलाच सांगून टाकते, दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्या शुद्धलेखनाची गॅरंटी मी देत नाही! पण हा विषय मराठीतच लिहायला हवा होता, कारण साल, कुसू, पटाशी, वाकस हे शब्द मला मराठीतच कळले. तेही गेल्या मे महिन्यात, विजयदुर्गला.

तिथल्या आमच्या घराच्या ओटीवर आजोबांची लांब हातांची आरामखुर्ची असायची. सागाची, वेताने विणलेली. घराची दुरुस्ती निघाली आणि काका म्हणाले, "ही अडगळ आता कशाला?" जुनं फर्निचर घेणारा एकजण टेम्पो घेऊन आला. मला विचारलं तेव्हा मीही म्हटलं, "द्या ना, प्लास्टिकच्या खुर्च्या हलक्या पडतात." हे कबूल केल्याशिवाय पुढे लिहिणं बरोबर नाही.

टेम्पो भरताना शेजारचे म्हातारे सुतार आले. त्यांनी खुर्ची उलटी केली आणि मला म्हणाले, "बाये, हेच्यात एक तरी खिळो दाखव माका." मी शोधला. एकही नाही! पायाचं टोक तासून केलेलं कुसू, ते बसायला पाटीत पटाशीने कोरलेली साल, आणि वरून आरपार एक लाकडी खुंटी. बस्स. समुद्राच्या खाऱ्या हवेत खिळा गंजतो आणि भोक सैल होतं. लाकडी खुंटी मात्र पावसाळ्यात लाकडाबरोबर फुगते, उन्हाळ्यात त्याच्याबरोबर आकसते. 'फिट्स अँड टॉलरन्सेस'वर मी पेपरात पानं भरली होती, पण फिट म्हणजे काय ते त्या दिवशी हाताला कळलं. तोवर सौदा झाला होता. खुर्ची गेली.

विजयदुर्गात हे कसब असणं यात नवल नाही. जवळच वाघोटन खाडीत मराठा आरमाराची गोदी आहे. आंग्र्यांच्या आणि नंतर धुळपांच्या काळात तिथली जहाजं सुतारांच्याच हातची. ज्या हातांनी तयार केलेला सांधा लाटा झेलायचा, त्यांच्या परंपरेला खुर्ची म्हणजे किरकोळ काम!

हॉस्टेलवर परत आल्यावर (करकरणाऱ्या खुर्चीत बसून) मी फर्निचरबद्दल वाचत सुटले आणि पोचले थेट डेन्मार्कला. हान्स वेग्नर नावाच्या माणसाची 1949 सालची एक लाकडी खुर्ची इतकी गाजली, की 1960 मध्ये केनेडी आणि निक्सन यांच्या टीव्हीवरच्या वादविवादात तीच ठेवली होती. तिच्या जुन्या नगांना आज लिलावात लाखांनी किंमत येते. आणि हा वेग्नर आधी सुतारकाम शिकला, डिझायनर नंतर झाला. त्या काळात डेन्मार्कच्या कितीतरी फर्निचरला लाकूड लागायचं सागाचं, जो त्यांच्याकडे उगवतही नाही!

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. 1924 साली कोरे क्लिंट यांनी कोपनहेगनच्या अकादमीत फर्निचर शिकवायला सुरुवात केली. विद्यार्थ्यांना ते काय करायला लावायचे? जुन्या खुर्च्या मोजायला! चांगली खुर्ची घ्या, टेपने मापं घ्या, ड्रॉइंग काढा. त्यांची स्वतःची 1933 ची 'सफारी' खुर्ची कशावरून आली माहितेय? ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यातले अधिकारी वापरायचे त्या सुटी करून नेता येणाऱ्या खुर्चीवरून. तिचं नाव 'रुरकी'. हो, आपण ज्याच्या अ‍ॅडमिशनची स्वप्नं बघत होतो तेच रुरकी!

म्हणजे मॉडर्न डिझाईन जन्माला आलं ते जुनं नीट मोजण्यातून. आपण मात्र जुनं एकतर पूजतो नाहीतर टेम्पोत घालतो. मोजत कधीच नाही.

कोणी म्हणेल, सागाचा भाव बघ, आता प्लायवूडशिवाय गत्यंतर नाही. मान्य. प्रत्येकाने सागाची खुर्ची करावी असं माझं म्हणणंच नाही. माझं म्हणणं एवढंच, की त्या सांध्यातली अक्कल तरी कागदावर उतरू दे. ते सुतार आजोबा आता काम करत नाहीत आणि त्यांच्याकडे एकही ड्रॉइंग नाही. सगळं हातात आहे. ते हात थांबले की संपलं.

आणि ड्रॉइंग काढणं हे तर आपलंच काम ना? फर्स्ट इयरला कार्पेंट्री शॉपमध्ये आपण सगळ्यांनी जॉब केलाय (किंवा सीनियरचा जॉब पॉलिश पेपरने घासून सबमिट केलाय!). मग या दिवाळीत घरी जाल तेव्हा एक करा. झोपाळा, पेटी, पाट, देव्हारा, जे असेल ते उलटं करून बघा. मापं घ्या, सांधे काढा, लाकूड कुठलं ते विचारा. वर्कशॉपच्या सरांनी मनावर घेतलं तर पुढच्या अंकात आपण ती ड्रॉइंग्ज छापू शकू.

आणि एक प्रश्न जरूर विचारा: हे कोणी बनवलं? वेग्नरचं नाव जगाला माहीत आहे. आमच्या खुर्चीच्या सुताराचं नाव मी घरात सगळ्यांना विचारलं. कोणालाच आठवलं नाही.