पाचट, कार्बन आणि कोरा कागद

“पाचट जाळू नका, त्याचे तुम्हाला पैसे मिळतील. फक्त येथे सही करा.” असे सांगत कोणी कंपनीचा माणूस बांधावर आला, तर काय करावे? श्रीरामपूर भागातल्या ऊसवाल्यांनी याचा विचार आधीच करून ठेवलेला बरा. शेतातल्या कार्बनचे पैसे देऊ म्हणणाऱ्या खाजगी कंपन्या आता देशात गावोगाव फिरत आहेत.

हा माल आहे तरी काय? पीक हवेतला कार्बन वायू ओढून घेते. पाचट पेटवले की तो पुन्हा धुरावाटे हवेत जातो. तेच पाचट सरीत कुजवले तर त्याचा काही भाग सेंद्रिय कर्ब म्हणून मातीत राहतो. असा एक टन कार्बन वायू वाचवल्याचा जो दाखला, त्याला ‘कार्बन क्रेडिट’ म्हणतात. दूरदेशीची एखादी कंपनी तो विकत घेते आणि आपल्या धुराची तेवढी भरपाई झाली असे सांगते.

या बाजाराचा पाया सरकारांनी घातला. 1992 मध्ये रिओ येथे जगातील देशांनी हवामानाचा करार केला. 1997 च्या क्योटो करारात दाखल्यांच्या खरेदी-विक्रीची वाट निघाली, आणि भारतातील काही साखर कारखान्यांच्या बगॅसवरील वीज प्रकल्पांचीही त्यात नोंद झाली. 2015 मध्ये पॅरिसचा करार झाला. 2023 मध्ये भारत सरकारने स्वतःची कार्बन बाजाराची योजना जाहीर केली.

पण दाखले देणाऱ्या सगळ्याच संस्था सरकारी नाहीत. सर्वांत मोठ्यांपैकी ‘व्हेरा’ ही अमेरिकेतली खाजगी संस्था. तिच्या जंगल प्रकल्पांच्या दाखल्यांवर 2023 मध्ये जगभर शंका घेतल्या गेल्या. म्हणजे वावर आपले, गिऱ्हाईक परदेशातले आणि माप तिसऱ्याच्याच हातात!

यातली मेख लक्षात घ्या. दाखला मिळतो तो नव्याने केलेल्या बदलाला. जो शेतकरी दहा वर्षांपासून पाचट कुजवतो आहे, त्याच्या वाट्याला बहुधा काहीच येत नाही. काल जाळणाऱ्याला मात्र पैसे! शिवाय मातीतला कर्ब टिकला पाहिजे, म्हणून करार बऱ्याच वर्षांचा असतो. मुलाने उद्या पीकपद्धत बदलली तर काय, हे त्या कागदात लिहिलेले असते.

परक्या पैशाला अट असणे वाईट, असे मात्र नाही. आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात त्याचे चांगले उदाहरण आहे. फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकाराने भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला. पैसा जर्मन सरकारचा, तो आला नाबार्डमार्फत, आणि गावांना हाताशी धरायला 1993 मध्ये ‘वॉटर’ ही संस्था निघाली. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारख्या गावांनी त्यात काम केले. अटी कडक होत्या: श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. पण त्या गावासमोर उघड मांडल्या गेल्या, आणि कामावर गावाच्याच पाणलोट समितीची नजर होती. एकट्या शेतकऱ्याला गाठून घेतलेली सही आणि गावाने बसून ठरवलेली अट, यांत हाच फरक आहे.

म्हणून सहीपूर्वी एवढे विचारा:

करार मराठीत आहे काय? त्याची प्रत मला मिळेल काय?

तो किती वर्षांचा? जमीन विकली, वाटणी झाली किंवा खंडाने दिली तर काय?

मातीची तपासणी कोण करणार, आणि तिचा खर्च कोणाचा?

दाखला कितीला विकला हे मला कळेल काय? त्यातला माझा वाटा किती आणि कधी?

याच जमिनीचा दाखला आणखी कोणाला विकला आहे काय?

तंटा झाला तर न्यायनिवाडा कोठे होणार?

उत्तरे तोंडी नकोत, कागदावर हवीत. शक्य तर सोसायटीत किंवा ग्रामसभेत चारचौघांसमोर करार वाचून घ्या. घरातल्या बायामाणसांनाही ऐकवा. शेतावर राबणारे हात त्यांचेही आहेत.

आणि पाचट? ते दाखल्याची वाट न पाहता कुजवा. ओल टिकते, तण कमी येते, जमीन भुसभुशीत होते. हा नफा आपल्याच वावरात राहतो, आणि त्यासाठी कोणाची सही लागत नाही.