घर विकण्याआधी सिव्हिलपर्यंत जाऊन बघा



अलीकडं विहारात महिलांची बैठक संपली की कुणीतरी मागं थांबतं. "ताई, इथली खोली देऊन टाकावी म्हणतोय. बाहेर एक गुंठा मिळतोय. मोकळी हवा आहे, गटार नाही, पुराचं भ्या नाही. लेकरांच्या तब्येतीला बरंच ना?" मी नर्स, म्हणून हा प्रश्न मला विचारतात. पूर्वी मी लगेच "बरंच की" म्हणायचे. आता म्हणत नाही. त्यामागं माझीच एक चूक आहे, ती आधी सांगते.

माझं सासर सांगलीचं. एसटी स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर आमची गल्ली. थोरले दीर, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, मार्केट यार्डात हळदीची पोती उचलायचे. साखर आणि बीपीनं त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसत होतं, त्यामुळं उपचाराला पैसे पडत नव्हते. सकाळी डबा घेऊन चालत जायचे, दुपारी मुलगा नाहीतर मी हाताला धरून आणायचे. चार तास मशीनवर पडून माणूस पिळून निघतो, तरी दादा येताना चौकात चहा प्यायला थांबायचे. चहा मोजून अर्धा कप, कारण पाण्याचं पथ्य.

ऑगस्ट २०१९ ला कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या घरात पोटमाळ्यापर्यंत पाणी होतं. जुलै २०२१ ला परत घर सोडून शाळेत राहायला जावं लागलं. भिंतीला ओल धरली ती वाळलीच नाही. जाऊबाई म्हणाल्या, आता इथं राहायचं नाही. मीही म्हटलं, "आक्का, द्या घर. दादांना ही ओल बरी नाही." नर्सबाईचा सल्ला म्हटल्यावर कोण आडवं येणार? घर दिलं, वर कर्ज काढलं आणि मे २०२२ मध्ये ते शहराबाहेर गुंठेवारीतल्या दोन खोल्यांत गेले. समोर शेत, वारा छान. मला बरं वाटलं.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला. काळी माती. रिक्षा आत यायला तयार नाही, डांबरी रस्ता दीड किलोमीटर लांब. एका फेरीचे जाऊन-येऊन चारशे रुपये, महिन्याला आठ-नऊ फेऱ्या. उपचार फुकट होता, पण तिथवर पोचायला महिन्याला साडेतीन हजार लागत होते. कर्जाचा हप्ता वेगळा. मग दादाच म्हणायला लागले, "आज बरं वाटतंय, परवा जाऊ." डायलिसिस चुकलं की अंगात पाणी साठतं, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडू शकतं. हे त्यांनाही माहीत होतं, मला तर पाठच होतं. २०२३ च्या पावसाळ्यात एका रात्री त्यांना श्वास घेता येईना. मुलानं मोटारसायकलवर मधे बसवून, मागून भावानं धरून, चिखलातून रस्त्यावर आणलं. हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत दादा गेले होते.

आयर्विन पुलाचे फूट मला तोंडपाठ होते. ४० ला इशारा, ४५ ला धोका. दादांच्या नव्या घरापासून डायलिसिसच्या खाटेपर्यंत किती अंतर आहे, ते मात्र मी एकदाही मोजलं नव्हतं.

शहराच्या मधोमध किंवा स्टँड-बाजाराला लागून असलेल्या आपल्या वस्त्यांना लोक नाकं मुरडतात. आपलीच शिकलेली मुलंसुद्धा पत्ता सांगताना वस्तीचं नाव टाळतात आणि जवळच्या चौकाचं सांगतात. पण या जागेत एक असं औषध आहे, जे मेडिकलमध्ये मिळत नाही. ते म्हणजे जवळ असणं. कुत्रं चावल्यावर सरकारी दवाखान्यात लस बहुतेक चार वेळा घ्यावी लागते. पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. वस्तीतली आई लेकराला शाळेतून परस्पर घेऊन जाते. लांबची आई दोनदा येते, तिसऱ्यांदा मजुरी बुडते म्हणून थांबते, आणि अठ्ठाविसावा दिवस कुणाच्या लक्षात राहतो? (चावल्याबरोबर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना भरू नका, हे जाता जाता.) क्षयरोगाच्या गोळ्या साध्या क्षयाला सहा महिने खायच्या. दोन महिन्यांत खोकला थांबतो आणि तिथंच लांबचा पेशंट गोळ्या सोडतो. अर्धांगवायूत रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी डोक्याचं स्कॅनिंग. हे साडेचार तास तोंड वाकडं झाल्यापासून मोजायचे, दवाखान्यात पोचल्यापासून नाही. त्यातला एक तास चिखलातच गेला तर मागं काय उरतं?

माझं माहेर साताऱ्याचं, सदर बाजारातलं. तिथं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय आमच्यासाठी शेजारच्या घरासारखं होतं. आमच्या आईची तिन्ही बाळंतपणं तिथं झाली, प्रत्येक वेळी ती चालत गेली. मी नर्स झाले त्यालाही तेच कारण आहे. लहानपणी भाकरी पोचवायला वॉर्डात जायचे आणि पांढऱ्या साडीतल्या सिस्टर बघत उभी राहायचे. लांबच्या वाडीवर वाढले असते तर नर्स काय असते ते मला दहावीपर्यंत कळलं नसतं.

याच साताऱ्यात सुभेदार रामजी कुटुंब घेऊन राहिले. ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचं नाव राजवाड्याजवळच्या सरकारी शाळेत घातलं गेलं, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये. हा दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. गावात राहिले असते तर ती शाळा चालत गाठता आली नसती. पण त्या शाळेत त्यांना तरटावर वेगळं बसावं लागलं आणि शिपायानं नळ सोडल्याशिवाय पाणी मिळालं नाही, हेही त्यांनीच लिहून ठेवलं आहे. जवळ राहायला मिळणं आणि आत घेतलं जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ही दुसरी गोष्ट आपल्याला आजही पुरती मिळालेली नाही. मी एका हॉस्पिटलात अकरा वर्षं नोकरी केली. केसपेपरवर वस्तीचं नाव दिसलं की काही जणांचा आवाज बदलायचा. "दारू पितो का?" हा प्रश्न बाकीच्या पेशंटला शेवटी, आपल्या माणसाला पहिला. मी एकदा बोलले, मग वारंवार बोलले, आणि शेवटी राजीनामा दिला. त्यामुळं मला कळतं की आपल्या बाया सिव्हिल सोडून कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडं का जातात. तिथं निदान "बसा ताई" म्हणतात. पण तिथं ताप कसला आहे हे न बघता सलाईन लावतात, अशक्तपणा म्हणून लाल इंजेक्शन देतात आणि पाचशे रुपये घेतात. डेंगीच्या तापात आठ दिवस असे गेले की पेशंट शेवटच्या घटकेला सिव्हिलला येतो, आणि मग "सिव्हिलमध्ये नेलं की माणूस मरतो" अशी बोलवा होते. अपमान होतो म्हणून जवळचा दवाखाना सोडून देऊ नका. दोघी-तिघी मिळून जा. जी नीट बोलत नाही तिचं नाव विचारा आणि लेखी तक्रार द्या. एकटीला हाकलतात, चौघींना खुर्ची देतात.

वस्तीचंही बोललं पाहिजे. सिव्हिल दहा मिनिटांवर आहे, पण १०८ ची गाडी गल्लीच्या तोंडाशीच थांबते. आत दोन्ही बाजूंना मोटारसायकली, कुणाची पायरी पुढं आलेली, कुणाची पाण्याची टाकी. मग पेशंटला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघं उचलतात. हृदयाच्या पेशंटला असं हलवणं बरं नाही, आणि मणक्याला मार असेल तर आपणच त्याला कायमचं लुळं करू शकतो. आमच्या गल्लीत मंडळाच्या पोरांना मी म्हटलं, जयंतीच्या डीजेतला एक दिवस कमी करा आणि एक स्ट्रेचर घ्या. सहा महिने माझ्याशी कुणी नीट बोललं नाही. पण स्ट्रेचर आलं. विहारात भिंतीला टांगलंय, आजवर चार वेळा बाहेर निघालं.

सार्वजनिक संडासाचं दुखणं जुनंच आहे. रात्री जावं लागू नये म्हणून बाया संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. लघवीची जळजळ, ताप, गरोदरपणात हाच संसर्ग वाढून दिवस भरण्याआधी बाळंतपण. यावर गोळ्या देऊन मी थकले. दाराला कडी आणि आत दिवा लागला तर यातलं निम्मं दुखणं येणार नाही.

शहरी आरोग्य अभियानात ५० ते १०० घरांमागं एक महिला आरोग्य समिती धरली आहे, आणि वर्षाला पाच हजार रुपये तिनं ठरवलेल्या कामाला मिळतात. आपल्या वस्तीत ती समिती आहे का, असली तर कुणाच्या घरात कागदावर आहे, हे आशाताईंना विचारा. क्षयाच्या पेशंटला पोषणासाठी खात्यावर येणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला पाचशेची हजार झाली आहे. तीही कितीजणांना येते ते विचारा.

आता पुराचं. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर इथल्या लोकांना मी "इथंच राहा" असं कुठल्या तोंडानं सांगू? दरवर्षी जुलैत सामान बांधून बसायचं, पाणी ओसरलं की चिखल काढायचा, मेडिक्लोरचे थेंब टाकून पाणी प्यायचं. पोटऱ्या दुखून ताप आला की लेप्टोची भीती. ज्यांना जायचं आहे त्यांनी जरूर जावं, हक्कानं जावं. माझं म्हणणं एवढंच की कुठं जायचं हे आपण ठरवायचं, आणि त्यात दवाखान्याचं अंतर धरायचं. पुनर्वसनाच्या बैठकीला साहेब नकाशा दाखवतात, खोलीचं क्षेत्रफळ सांगतात. आपण खूश होऊन सही करतो. तिथून सिव्हिलला शेवटची बस किती वाजता, जवळचं नागरी आरोग्य केंद्र कुठं, धुणीभांडी करणाऱ्या बाईला सकाळी सातला कामावर पोचता येईल का, यावर कुणी ब्र काढत नाही. पूररेषेच्या बाहेर पण शहराच्या आत जागा नसते, असं सांगतात. बंगल्यांच्या कॉलन्यांना आणि मॉलला बरी मिळते.

आणि कागद जपा. १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीला कायद्यानं संरक्षण आहे, पण ते पुराव्यानं सिद्ध करावं लागतं. जुनी मतदार यादी, लाईट बिल, घरपट्टीची पावती, रेशन कार्ड. २०१९ ला कितीतरी घरांचे कागद नदीनं नेले. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, मोबाईलमध्ये फोटो काढा आणि एक प्रत पुराबाहेरच्या नातेवाइकाकडं द्या.

साताऱ्यातही हा प्रश्न येणारच आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं काम कृष्णानगरच्या बाजूला आहे. मोठं रुग्णालय होतंय याचा आनंदच आहे. पण सदर बाजारातल्या, लक्ष्मी टेकडीवरच्या म्हाताऱ्या माणसाला रोजची बीपीची गोळी घ्यायला तिकडं जावं लागू नये, जुन्या जागी ओपीडी चालू राहावी, हे आत्ताच लेखी मागून ठेवा. विभाग हलल्यावर मोर्चा काढून काही होत नाही.

परवा माझ्या मामेभावाचा फोन आला. त्याला साताऱ्याबाहेर, हायवेच्या पलीकडं एक गुंठा मिळतोय. बायको सहा महिन्यांची गरोदर, घरात मामी, त्यांना दमा. तो म्हणाला, "ताई, तू एकदा बघून सांग, हवा कशी आहे." मी त्याला म्हटलं, मी रविवारी येते. पण हवा बघायला नाही. रात्री नऊला आपण त्या प्लॉटवर उभे राहू, मामींना सोबत घेऊ, आणि गाडी न काढता सिव्हिलला पोचायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघू.